मनमाडच्या उन्हात आंबा

परसात आंब्याची कोय लावायचं आत्याने ठरवलं आणि मी नको म्हणाले. आत्या मनमाडला राहते. नळाला वर्षानुवर्षं पंधरा-पंधरा, कधी वीस दिवसांनी पाणी आलेलं हे गाव. तिथल्या बायकांचं निम्मं आयुष्य पिंपं भरण्यात आणि भरलेलं पुरवण्यात जातं. त्या पाण्यातला वाटा झाडाला का द्यायचा, हा माझा प्रश्न होता. मी नाशिकला राहते आणि फळबागांच्याच कामात आहे, त्यामुळे माझा नकार तिला जास्त लागला. आमचं बोलणं पाण्यावरून निघालं, अढीपर्यंत गेलं आणि शेवटी आमच्या आमराईवर येऊन अडलं. येवला, नांदगाव, मालेगाव, सिन्नर या आपल्या जिल्ह्याच्या कोरड्या बाजूला ज्यांच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून ते लिहून काढते आहे.

"आत्या, आपल्या जिल्ह्यात पाऊस सगळीकडे सारखा नाही," मी म्हटलं. "इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि तुझ्याकडे पाचशेच्या आसपास. आंबा पश्चिमेला होऊ दे की. पेठ-सुरगाण्यात आदिवासी शेतकऱ्यांनी डोंगरउतारावर केसरच्या वाड्या केल्यात. त्यांचा आंबा विकत घे. त्यांना चार पैसे मिळतील, तुझं पाणी वाचेल."

"त्या वाड्यांना पाणी कुणी घातलं?"

प्रश्न नेमका होता. 'बाएफ' संस्थेने १९८२ मध्ये गुजरातेत वांसद्याला वाडीचा पहिला प्रयोग केला. एकरभर जमिनीत आंबा-काजूची कलमं आणि बांधाला जंगली झाडं, असं तिचं स्वरूप. तीच पद्धत पुढे आपल्या पेठ-सुरगाण्याकडे आली. तिथे पावसाळ्यात धो-धो आणि एप्रिलमध्ये विहिरींना तळ. पहिले दोन-तीन उन्हाळे लोकांनी डोक्यावर हंडे वाहून रोपं जगवली. मी हे आत्याला सांगितलं.

"म्हणजे तिथंही पाणी डोक्यावरूनच आलं. मग माझ्या दोन तांब्यांवर तुझा एवढा डोळा का?"

"दोन तांब्यांवर झाड जगत नाही."

"जगतं. केळीला रोज लागतं, पपईला लागतं. आंब्याला रोज पाजलं तर तो नुसता पाला काढत बसतो. माझ्या सासूबाई सांगायच्या, दिवाळी झाली की आंब्याच्या आळ्यात पाणी घालायचं नाही. मोहर दिसला की मग बघायचं."

सासूबाईंचं ते सांगणं आजच्या फळबागशास्त्राला धरून आहे. पावसाळा सरल्यावर मोठ्या झाडाला दोन-तीन महिने पाण्याचा ताण बसला आणि रात्री गार झाल्या की पालवीऐवजी मोहर फुटतो. कोकणात दरवर्षी मोहर यावा म्हणून बागायतदार बुंध्याशी पॅक्लोब्युट्राझोल घालून झाडाची पालवीची ओढ दाबतात. मनमाडच्या कोरड्या हिवाळ्यात ते काम बरंचसं आपोआप होतं. शिवाय मोहरावरचा करपा ओल मिळाली तरच फोफावतो, त्यामुळे कोरड्या हवेत त्याचं फार चालत नाही. तुडतुडे आणि भुरी मात्र इथेही येतात.

आणि ऊन? कच्छ तर आपल्या नांदगावापेक्षा कितीतरी कोरडा, पण तिथे ठिबकवर केसरच्या बागा आहेत. गीरचा केसर ओसरायला लागला की कच्छचा बाजारात येतो. इजिप्तमध्ये इस्माइलियाचा आंबा नावाजलेला आहे, आणि तो मुलूख नाईलचं पाणी कालव्याने वाळवंटात नेऊन पिकता केलेला. मुळाशी ओल असेल तर मोठं झाड ४३-४४ अंश सोसतं. उन्हाने मरतं ते रोप. पहिले दोन उन्हाळे पश्चिमेकडून तुरकाट्यांचा किंवा शेडनेटचा आडोसा, बुंध्याला चुना, आळ्यात पालापाचोळ्याचं जाड आच्छादन आणि मुळांजवळ पुरलेलं एक कच्चं मडकं, एवढं केलं तर रोप तग धरतं. मडक्यात पाणी भरून तोंडावर झाकण ठेवायचं. पाणी झिरपत राहतं आणि वरची माती कोरडी राहिल्याने उडून जात नाही.

"मग तुझं वाकडं कशाशी आहे, उन्हाशी की पाण्याशी?" आत्याने विचारलं.

"आता जमिनीशी आहे. आणि थंडीशी."

थंडीचं ऐकून तिला नवल वाटलं. पण नाशिककडच्या आंब्याला उन्हापेक्षा जानेवारी जास्त छळतो. निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची बातमी आपण हिवाळ्यात वाचतो. ती थंडी द्राक्षमण्यांना तडे पाडते आणि कोवळ्या कलमांचे शेंडेही जाळते. मोठ्या झाडाचं नुकसान निराळं. कडक थंडीत उमललेल्या मोहरात परागीभवन नीट होत नाही, फुलोरा भरगच्च दिसतो आणि फळ धरत नाही. म्हणून लहान झाडाला दोन हिवाळे रात्री गोणपाटाचं आवरण लागतं आणि थंडीच्या लाटेत संध्याकाळी थोडं पाणी द्यावं लागतं. दिवाळीनंतर पाणी तोडायचा नियम फळाला आलेल्या झाडासाठी आहे, रोपासाठी नाही. आत्याने हे मान्य केलं, पण "सासूबाईंनी रोपाचं कुठं सांगितलं होतं?" असं म्हणून त्यांची बाजू सोडली नाही.

जमिनीचा मुद्दा मात्र तिला पटायला वेळ लागला. तिचा बेत असा होता की मोरीचं पाणी पन्हाळीने थेट आळ्यात सोडायचं, म्हणजे झाडासाठी वेगळं पाणी लागायला नको.

"अळूला चालतं, केळीला चालतं, मग आंब्याने काय घोडं मारलंय?"

"तुझ्या परसात हातभर खणलं की चुनखडी लागते. चुन्याच्या जमिनीत आंब्याला लोह उचलता येत नाही. पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी याला केवडा म्हणतात. त्यात साबण-सोड्याचं पाणी गेलं की जमीन आणखी बिघडते. इस्राएलमध्ये चुनखडीच्या आणि खारट पाण्याच्या जमिनींसाठी आंब्याचा '१३-१' नावाचा वेगळा खुंटच निवडून काढलाय, इतकी ही अडचण खरी आहे."

"मग?"

"खड्डा मीटरभर लांब, रुंद, खोल घे. चुनखडीचे खडे बाहेर टाक. नदीकाठची माती, शेणखत आणि निंबोळी पेंड घालून भर. आणि मोरीचं नको, तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी घाल. ते तुझ्या घरात रोज बादलीभर तरी निघतं."

यावर ती काही बोलली नाही. खड्ड्याची जागा पायाने आखून पाहिली. पाण्याची माझी हरकत इथे संपली. मनमाडच्या घरात एका झाडापुरतं धुण्या-विसळण्याचं पाणी निघतं, आणि तीन उन्हाळे काढलेलं झाड पुढे फारसं मागत नाही.

"पिकवायचं तरी मला शिकवू नकोस," आत्या म्हणाली. "भावाकडून आंबे आले की गव्हाच्या काडात अढी लावते. खाली काड, वर आंबे, वरून काड, त्यावर गोणपाट. चांगली ऊब लागली की आठ दिवसांत घर घमघमतं."

"अढी कुठे लावतेस?"

"वरच्या पत्र्याच्या खोलीत. तिथं ऊब चांगली असते."

"आणि गेल्या वर्षी तूच सांगत होतीस ना, आंबा मऊ पडला पण साल हिरवीच राहिली, आत आंबूस लागला?"

"तो आंबाच खोटा होता."

आंबा खोटा नव्हता, हे मला ठामपणे म्हणायचं आहे. 'आंबा उबेने पिकतो' ही आपल्याकडची पक्की समजूत, आणि मेच्या उन्हाळ्यात ती घरोघरी आंबे वाया घालवते. झाडावरून उतरवलेला तयार आंबा स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडतो. त्या वायूने गरातल्या पिठाची साखर होते, आंबटपणा उतरतो, साल पिवळी होते, वास सुटतो. हे सगळं जोडीने आणि नीट व्हायला २० ते २५ अंश तापमान उत्तम. तिशीपर्यंत चालून जातं. ३५ च्या पुढे इथिलीन तयार होण्याची क्रियाच अडखळते. मग साल हिरवट राहते, गर नुसता मऊ पडतो, गोडी भरत नाही आणि वास बिघडतो. बाहेर ४२ असताना पत्र्याच्या खोलीत काय होत असेल? तिथे आंबा पिकत नाही, उकडतो.

"मग माझ्या सासूची अढी कशी पिकायची? त्यांनी काय तापमान मोजलं होतं?"

"त्यांचं घर धाब्याचं होतं, आत्या. हात-हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर मातीचं धाबं. अढी माजघराच्या कोपऱ्यात असायची ना?"

"माठाच्या शेजारी."

"मग झालं. घरातली सगळ्यांत गार जागा ती."

आत्या खूप वेळ विचारात पडली. काड, पेंढा, बाजरीचं सरमाड यांचं अढीतलं खरं काम आंब्याला तापवणं नाही. आंब्याने सोडलेला वायू ते भोवती धरून ठेवतात, दाब लागू देत नाहीत, आणि आपल्या कोरड्या हवेत फार मोलाचं म्हणजे फळातली ओल उडू देत नाहीत. मेमध्ये मनमाडच्या हवेत उघडा ठेवलेला आंबा पिकण्याआधी सुरकुततो. कोकणात ही काळजी नाही, तिथली हवाच दमट. म्हणून कोकणातल्या माणसाची अढीची रीत जशीच्या तशी उचलून इथल्या पत्र्याखाली आणता येत नाही. धाब्याची घरं गेली, स्लॅब आणि पत्रे आले, पण अढीची जागा बदलायला हवी हे आपल्याला कुणी सांगितलं नाही.

काय करावं? तळमजल्यावरची उत्तरेची खोली, फरशीवर काड, आंब्यांचा एकच थर, फार तर दोन. दिवसाआड हात फिरवून पिवळे वेचायचे, डाग पडलेले बाहेर काढायचे, कारण एक सडका आंबा शेजारच्या दहांना घेऊन जातो. खिडकीला ओलं गोणपाट. कोरड्या हवेचा इथे फायदाच होतो, कारण पाणी भराभर उडतं आणि गारवा धरतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने याच तत्त्वावर शून्य ऊर्जा शीतकक्ष तयार केला. विटांच्या दोन भिंती, मध्ये साडेसात सेंटिमीटरची फट, फटीत वाळू, आणि त्या वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी. वीज लागत नाही. कडक उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी उतरतं आणि ओलही टिकते.

"पुन्हा पाणी आलंच," आत्या म्हणाली.

"दहा दिवसांपुरतं. आणि एवढं करायचं नसेल तर माठाशेजारी लाव."

"ते मी लावणारच. तू सांगितलंस म्हणून नाही, सासूबाई लावायच्या म्हणून."

तिचा दुसरा राग गॅसच्या आंब्यावर होता. "बाजारातला आंबा आता मी देवापुढे ठेवत नाही. सगळा गॅसवर पिकवलेला."

"कुठला गॅस?"

"गॅस तो गॅस."

इथे फरक करायलाच हवा. कॅल्शियम कार्बाइडला ओल लागली की अ‍ॅसिटिलीन निघतो आणि तो इथिलीनची नक्कल करतो. बाजारू कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, हाताळणाऱ्याला आणि खाणाऱ्याला ते घातक. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी फळं पिकवायला त्यावर बंदी आहे. इथिलीनची गोष्ट वेगळी. तो आंब्याचा स्वतःचाच वायू, आणि १०० पीपीएमपर्यंत वापरायला परवानगी आहे. चांगल्या रायपनिंग चेंबरमध्ये तापमान विशीच्या आसपास धरून, ओल राखून तो सोडतात. म्हणजे आत्याच्या सासूबाईंच्या माजघरात जे व्हायचं तेच तिथे यंत्राने होतं. त्या आंब्याला नाव ठेवायला मी तयार नाही.

"मग तो आंबा फिक्का का लागतो?"

"कारण तो कोवळा तोडलेला असतो. पिकवताना नाही, तोडताना बिघडतो."

माझ्या दृष्टीने सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. कोकणात फळाची तयारी आण्यांत सांगतात. सोळा आणे म्हणजे झाडावरच पिकलेला, आणि तोडायला योग्य तो चौदा आण्यांचा. खांदे भरून देठाच्या वर आलेले, देठाशी किंचित खळगा पडलेला, सालीचा गर्द हिरवा रंग उजळलेला. असा आंबा पाण्यात टाकला तर बुडतो, कोवळा तरंगतो. बारा आण्यांच्या आंब्यात पीठच पुरतं भरलेलं नसतं. इथिलीन लावा, काडात ठेवा, काही करा, जे नाही त्याची साखर होणार कशी?

आणि तो कोवळा का तोडतात? एक तर लांब जायचा असतो म्हणून. आत्याच्या शेजारचं लासलगाव कांद्यासाठी ठाऊक आहे सगळ्यांना. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये कांद्यासाठी विकिरण केंद्र उभारलं. अमेरिकेने अठरा वर्षांनी भारतीय आंब्याला दार उघडलं तेव्हा, २००७ मध्ये, हापूस-केसरच्या पेट्या त्याच लासलगावात आल्या. कोयीतल्या सोंड्यासारख्या किडींसाठी किमान ४०० ग्रेची मात्रा घेतली आणि मग त्या विमानाने गेल्या. एवढ्या वाटेचा आंबा टणकच तोडावा लागतो, त्याला इलाज नाही.

दुसरं कारण आमच्या घरातलंच. आखाजी. आमच्या कसमादे-खानदेशाकडे अक्षय्य तृतीयेला घागर भरायची, पितरांना आमरस-पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा, आणि त्याआधी आंबा तोंडात घालायचा नाही. आत्या ही रीत काटेकोर पाळते.

"आत्या, आखाजी एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेमध्ये येते. आपल्याकडचा गावरान आंबा तेव्हा तयार असतो का?"

"नसतो. तो रोहिणीत उतरवायचा, मृगाचा पाऊस पडायच्या आत. पाऊस लागला की अळी होते."

"मग आखाजीला सगळ्या जिल्ह्याला एकाच दिवशी रस हवा असतो. तो येतो दक्षिणेतून, बदाम आणि लालबाग. भाव त्याच दिवशी चढलेला. व्यापारी आठ दिवस आधी कोवळा तोडून आणतो आणि पिवळा करायची घाई करतो. कार्बाइडची पुडी या घाईत निघते."

"म्हणून मी आखाजी करू नको?"

"कर. नैवेद्यापुरते दोन आंबे आण. पोटभर रस रोहिणीत कर."

"रोहिणीत कुठले पितर जेवायला येतात?" ती तडकून म्हणाली. मी त्यावर जोर केला नाही. आखाजीआधी आंबा खायचा नाही या रिवाजाने पिढ्यान् पिढ्या कोवळी फळं झाडावर राखली असणार, असं मला वाटतं. आज त्याच दिवसाने कोवळी फळं बाजारात ओढून आणावीत याचं मला वाईट वाटतं. घरचं झाड हवं ते यासाठी. त्याला कुठे जायचं नसतं. पहिला पाड पडेपर्यंत थांबता येतं. मग सकाळच्या वेळी, बोटभर देठ ठेवून झेल्याने उतरवायचा, देठ खाली करून चीक निथळू द्यायचा आणि माठाशेजारी न्यायचा. ही सवड कुठल्याच बाजाराला मिळत नाही.

उरला प्रश्न झाडाचा. मी म्हटलं, नर्सरीतून केसरचं कलम आण. जागा कमीच पडत असेल तर आम्रपाली, दशहरी आणि नीलमच्या संकरातलं बुटकं झाड. चार वर्षांत फळ दिसेल. कोय लावलीस तर सात-आठ, कदाचित दहा वर्षं.

"मला केसर नको. मला खोबऱ्या हवा आहे."

मग मला कोयीचा हट्ट समजला. कळवणकडे आमच्या घराण्याची आमराई होती. शेपू, गोटी, शेंद्र्या, खोबऱ्या, अशी प्रत्येक झाडाला नावं. माझे वडील आणि आत्या त्याच झाडांखाली वाढले. वाटण्या झाल्या, कांद्याच्या चाळी आल्या, झाडं एकेक करून गेली. खोबऱ्या तेवढा उभा आहे, बुंधा पोकळ झालेला. त्याचा गर घट्ट, जवळजवळ बिनरेषांचा, रस करण्यापेक्षा फोडी खाव्यात असा.

"त्याची कोय लावली की खोबऱ्या येईल," आत्या म्हणाली. "तुमच्या नर्सरीत मिळतो का तो?"

"नाही मिळत. पण कोयीतूनही तो येणार नाही. त्याच्या मोहरावर कुठल्या झाडाचे पराग आले कोण जाणे. कोयीचं झाड वेगळंच निघतं. चांगलं निघेल, वाईट निघेल, पण खोबऱ्या नाही निघणार. खोबऱ्याचा खोबऱ्या फक्त कलमाने होतो."

"कलम म्हणजे केसर-हापूसच ना?"

"केसरही कधी काळी कुणाच्या तरी जागेतलं एकटं झाडच होतं. जुनागढजवळ वंथलीला सापडलं, त्याची कलमं गिरनारच्या पायथ्याशी लावली, १९३४ मध्ये नवाबाने गराच्या रंगावरून नाव ठेवलं. कुणी काडी घेतली म्हणून ते उरलं. आमच्या शेंद्र्याची कुणी घेतली नाही."

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही. आमराई तुटली तेव्हा काडी घ्यावी हे त्या घरात कुणालाच सुचलं नव्हतं.

मग आम्ही दोघी बेताला लागलो. कोय इथेच, खड्ड्यात, कायमच्या जागी लावायची, ताजी असताना, कारण वाळली की ती उगवत नाही. जागेवर उगवलेल्या रोपाचं सोटमूळ सरळ खोल जातं. पिशवीतल्या कलमाचं मूळ पिशवीत वळलेलं असतं. कोरडवाहू मुलखात जागेवर कलम करायला सांगतात ते याचसाठी. पुढच्या पावसाळ्यात रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की खोबऱ्याच्या काडीने पाचर कलम. त्यासाठी आधी जुन्या झाडाची एखादी फांदी छाटून नवे फुटवे काढावे लागतील, आणि काडी कापायच्या आठ-दहा दिवस आधी तिची पानं खुडावी लागतील, म्हणजे डोळे फुगतात.

"तीन कोया लावू," आत्या म्हणाली.

"लाव. जोमाचं रोप ठेवून बाकीची काढून टाकू."

"काढायचं नाही. दोनावर खोबऱ्या बांध. तिसरी तशीच राहील. तिला काय फळ येतं ते मला बघायचंय."

"एका खड्ड्यात तीन झाडं पाण्याला भांडतील, आत्या. एवढ्या जागेत एकच पोसेल."

"पाणी मी घालणार आहे," ती म्हणाली. "तिसरी तशीच राहील."